आकडा सांगितल्यावर

कात्रज, पुणे
६ ऑक्टोबर २०२४

अनंतकाका,

नमस्कार. सोनालीताईंच्या फोनवर तुमच्याशी दोनदा बोलले, पण दोन्ही वेळा तुम्ही 'हो', 'बरं', 'ठीक' यापुढे गेला नाहीत. शेवटी सोनालीताईच म्हणाल्या, बाबांना सगळ्यांसमोर फोनवर बोलायला नको वाटतं, तू त्यांना पत्र टाक. म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या सुट्टीचा दिवस मागितला.

तुमचा कीबोर्डचा स्टँड आणि जुना स्पीकर नीट आहेत. स्पीकरची वायर बुधवार पेठेत नेऊन बदलून आणली. दुकानदार म्हणाला, हा स्पीकर आता कोणी वापरत नाही. मी वापरते म्हटलं.

आता मुख्य गोष्ट. मंगल कार्यालयातून आमोदचा फोन आला होता. तुळशीचं लग्न झालं की रिसेप्शन सुरू होतील, पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत पूर्वीसारखं एकट्याचं कीबोर्ड हवं, आणि अनंतराव जाताना तुमचं नाव सांगून गेलेत, असं म्हणाला. तुम्ही माझं नाव सांगितलंत हे मला त्याच्याकडून कळावं, याला काय म्हणावं. 'मॅडम, रेट काय ते या आठवड्यात कळवा,' असंही म्हणाला.

काका, बारा वर्षं तुमच्याकडे शिकले. यवतमाळहून लग्न होऊन आले तेव्हा या शहरात तुमच्या घराशिवाय मला दुसरं घर माहीत नव्हतं. कार्यालयात तुमच्या शेजारी बसून पानं उलटली. पण तुम्ही किती घेता हे कधी विचारलं नाही. विचारायचं नसतं असं वाटायचं. आता विचारते. तुम्ही जे घेत होतात तेच मी सांगेन, म्हणजे मला स्वतःचं डोकं चालवायला नको.

माझं डोकं चालत नाही हे गेल्या आठवड्यात परत कळलं. कोंढव्याला एका पंचाहत्तरीला वाजवलं. यजमानांनी विचारलं, तबला कोण वाजवणार? म्हटलं, ताल कीबोर्डमध्येच असतो. ते म्हणाले, म्हणजे अर्धं मशीन वाजवतं, मग पैसेही अर्धे करू. हसत म्हणाले. दिले मात्र खरोखर अर्धेच. तीन तास वाजवून, सगळं सामान तीन मजले उतरवून घरी आले तेव्हा खांद्यातून हात काढून ठेवावेत असं वाटत होतं.

तब्येतीला जपा.

तुमची,
भाग्यश्री


सांगली
१४ ऑक्टोबर २०२४

भाग्यश्री,

पत्र पोचलं. हल्ली माझ्या नावाने फक्त विमा कंपनीची पत्रं येतात, त्यामुळे पोस्टमनलाही तुझ्या पत्राचं कौतुक वाटलं.

पंचाहत्तरीच्या यजमानांना विचारायचं होतंस, तुमच्याकडच्या पुऱ्या गॅसवर तळल्या, मग आचाऱ्याला अर्धेच दिलेत का? अर्थात हे त्या वेळी सुचत नाही. मला तीस वर्षांत एकदाही वेळेवर सुचलं नाही. घरी येऊन तुझ्या काकूला उत्तरं देत बसायचो.

इथे सगळं व्यवस्थित आहे. मागच्या बाजूची खोली मला दिली आहे. सलिलराव फार चांगले. जावई इतका चांगला असला की त्याच्यासमोर खोकायलाही संकोच होतो. माझ्या गोळ्या संपत आल्या हे मी सांगायच्या आधी नवी पाकिटं टेबलावर असतात. पुण्याची खोली सोडली ते बरंच झालं म्हणायचं. गुडघे घेऊन तिसऱ्या मजल्यावर एकट्याने राहण्यात काही अर्थ नव्हता. कीबोर्ड इथे कपाटावर आहे, खोळीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी आठ हजार घेत होतो. कार्यालयाचा दर तोच आहे, तो तू खाली आणू नकोस. एकदा खाली आला की परत वर जात नाही, आणि तुझ्यामागून येणाऱ्यांचंही नुकसान होतं. मात्र माझं नाव मध्ये आणू नकोस. अनंतराव इतके घ्यायचे म्हणून मीही इतके, असं बोलणं बरं दिसत नाही. तुझा दर म्हणून सांग.

पट्टी बदलायचं ट्रान्सपोजचं बटण दाबायच्या आधी उजव्या हाताला उगीच थांबायची तुझी सवय अजून आहे का? असली तर घालव.

सुदर्शनला आणि सलोनीला आशीर्वाद.

अनंतकाका


कात्रज
२४ नोव्हेंबर २०२४

अनंतकाका,

नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला, रागावू नका.

आठ सांगितले. ठरलं. पहिलं रिसेप्शन गेल्या आठवड्यात झालं, दुसरं काल. काही अडलं नाही. वधूच्या मामांनी दोन जुनी गाणी सांगितली, ती येत होती. जेवण चांगलं होतं. स्टँडचा डावा पाय हलतो, त्याखाली पुठ्ठा घातला.

आमोदने तुमची चौकशी केली. त्याच्या वडिलांनीही केली.

सलोनीची उद्या चाचणी आहे, तिला अभ्यासाला बसवायचं आहे म्हणून इथेच थांबते.

भाग्यश्री


सांगली
१ डिसेंबर २०२४

भाग्यश्री,

तुझं एवढंसं पत्र तीनदा वाचलं. त्यात पुठ्ठा आहे, मामा आहेत, जेवण आहे. जे हवं ते नाही. आमोद आठ हजारांना लगेच हो म्हणाला, की काही बोलला? त्याचे वडील तिथे होते का? त्यांचा चेहरा कसा होता? पैसे त्याच दिवशी हातात दिले का? हे लिहायला एक पान जास्त लागलं असतं.

सहज विचारतोय.

पत्र आल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. सोनाली म्हणाली, बाबा, बरं नाही का? मी म्हटलं, भाग्यश्रीला तिकडे चांगले पैसे मिळताहेत, त्याचा आनंद झालाय. ती म्हणाली, आनंद झाल्यावर माणूस असा भिंतीकडे बघत बसतो होय.

असो. मी ठरवलं आहे. जानेवारीत पुण्याला येतो. गुडघे आता पुष्कळ बरे आहेत. थंडीत मुहूर्त भरपूर असतात, आणि कार्यालयात एका दिवशी दोन मजल्यांवर दोन कार्यं असतात. वर तू वाजव, खाली मी. जिना नको. आमोदला विचारून माझ्यासाठी दोन-तीन तारखा धरून ठेव, आठच्या हिशेबाने. राहायची सोय नारायण पेठेत मित्राकडे होईल, त्याला लिहिलं आहे.

डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे. सलिलरावांनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. खर्चाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलत नाहीत म्हणूनच मला ते माझ्या पैशांनी करायचं आहे. परवा जेवताना तसं त्यांना सांगूनही टाकलं. म्हटलं, पुण्यात आजही माझ्या वाजवण्याला आठ हजार आहेत, दोन-तीन कार्यक्रमांत काम होईल. सलिलराव म्हणाले, 'वा.' सोनालीच्या मुलांनीही टाळ्या वाजवल्या.

कीबोर्ड खाली काढला. बोटं जरा जड झाली आहेत, पण होतील मोकळी. तू लवकर कळव.

अनंतकाका


कात्रज
१२ डिसेंबर २०२४

अनंतकाका,

हे पत्र तुमच्या खोलीत, दार लावून वाचा.

तुमचं पत्र येऊन आठवडा होत आला. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी काम काढून उठते. आज उठायचं नाही असं ठरवलंय.

मला आठ हजार मिळालेले नाहीत. साडेतीन मिळतात.

तुमचं ऑक्टोबरचं पत्र आलं तसं मी कार्यालयात गेले. ऑफिसात आमोद होता, कोपऱ्यात त्याचे वडील पेपर वाचत होते. मी म्हटलं, आठ. आमोद हसला वगैरे नाही. त्याने खरोखर न कळून विचारलं, "मॅडम, आठ कशाचे?" मी म्हटलं, पूर्वीपासून तेवढेच आहेत ना. तुमचं नाव मध्ये आणू नकोस असं तुम्ही लिहिलं होतंत, पण ते आलंच.

तो म्हणाला, "अनंतराव तीन घ्यायचे. तीन आणि दोन ताटं."

मला वाटलं, हा मला बाई म्हणून बनवतोय. तसं मी बोललेही. मग त्याच्या वडिलांनी पेपर गुडघ्यावर ठेवला. ते म्हणाले, "ताई, एक ताट त्यांचं, एक काकूंना बांधून. काकू गेल्यावरही आम्ही दोन ताटं चालूच ठेवली. त्यांनी कधी तोंड उघडून वाढवून मागितलं नाही. फार सज्जन माणूस."

काका, ते तुमची स्तुतीच करत होते. ती ऐकत मी तिथे बसले होते आणि मला माझी पर्स कुठे ठेवलीय ते दिसेना. उठून जायला हवं होतं. आमोद म्हणाला, तुम्हाला सामान लांबून आणावं लागतं म्हणून पाचशे वाढवतो. मी हो म्हटलं. आभारसुद्धा मानले. साडेतीनातले आठशे रिक्षालाच जातात, हे मला जिना उतरताना आठवलं.

हो म्हटलं कारण आमच्याकडे सध्या नाही म्हणण्यासारखं काही नाही. सुदर्शन खराडीच्या ज्या कंपनीत होता तिथलं त्याचं कंत्राट सप्टेंबरात संपलं. तुम्हाला लिहिलं नव्हतं. आता दुसऱ्या एजन्सीकडून जातो. पाळी रात्रीची, पगार कमी. सकाळी तो झोपतो तेव्हा मी कीबोर्डचा आवाज बंद करून नुसती बोटं फिरवते. सलोनी यंदा दहावीला आहे, तिच्या क्लासचे अर्धे पैसे भरायचे आहेत.

मी आठ मिळाले असं का लिहिलं, तर साडेतीन लिहिले असते तर तुम्हाला कळलं असतं की मला कळलं. ते मला नको होतं. वाटलं, एवढं एक वाक्य लिहून टाकलं की कोणाचंच काही बिघडत नाही. तुम्ही परत वाजवायला निघाल हे डोक्यातही आलं नाही.

तुमचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पहिल्या रिसेप्शनच्या वेळी तीन तास मी मनात तुमच्याशी भांडत वाजवत होते. तुम्ही तीनवर बसलात म्हणून मी साडेतीनवर बसले, असं सारखं वाटत होतं. नंतर दमल्यामुळे तेही सुटलं. तुम्ही मला खरा आकडा सांगितला असतात तरी मी काय केलं असतं? चार मागितले असते आणि साडेतीनच घेतले असते.

पुण्याला या. माझ्याकडे राहा, सुदर्शनही तेच म्हणतो. पण आठसाठी येऊ नका.

भाग्यश्री


सांगली
१९ जानेवारी २०२५

भाग्यश्री,

महिना होऊन गेला, उत्तर नाही, म्हणजे म्हातारा रागावला असं तू धरून चालली असशील. दोन कारणं होती. एक, डोळ्याचं ऑपरेशन झालं, वाचायला-लिहायला बंदी होती. दुसरं आता सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी मी आमोदला फोन केला होता. तुझ्या उत्तराची वाट बघवेना. रविवार होता, सगळे जेवायला बसले होते. सोनालीने तिच्या फोनवरून लावून दिला आणि मला नीट ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. मी म्हटलं, आमोद, जानेवारीत येतोय, तारखा बघ, दर तुला माहीतच आहे. दर माहीत आहे, असं मीच म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मुलं ऐकत होती.

आमोद अतिशय आदराने बोलला. म्हणाला, "काका, केव्हाही या, घरचंच आहे. तुमचे तेच, तीन आणि दोन ताटं. भाग्यश्री मॅडमना मी पाचशे जास्त देतोय, तुम्हालाही देईन, तुम्हाला कमी देणं बरं दिसणार नाही."

सलिलराव उठले, स्पीकर बंद केला आणि फोन माझ्या कानाशी दिला. तेवढंच केलं. पण त्यानंतर ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी आमोदला म्हटलं, कळवतो.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. टपाल खात्याला दोष देणार नाही, त्यांनी त्यांच्या वेळेत आणलं.

संध्याकाळी सोनाली खोलीत येऊन बसली. बराच वेळ चादरीच्या सुरकुत्या नीट करत होती. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे घर आईच्या पगारावर चाललं."

मी म्हटलं, "हो."

"आईला माहीत होतं?"

तिला कसं माहीत नसेल? पाकीट मी तिच्याच हातात द्यायचो. ती उघडूनही बघायची नाही, डब्यात ठेवायची. शाळेतून दमून आलेली असायची. लोकांत मात्र म्हणायची, यांच्या वाजवण्याचा आम्हाला मोठा आधार आहे. आठ हजार हा आकडासुद्धा मूळचा तिचा. शेजारच्या बाईंनी खोचून विचारलं होतं, नुसतं वाजवून असे किती मिळतात, तर तिने शांतपणे आठ सांगितले. मी आत होतो. बाहेर येऊन दुरुस्त केला नाही. पुढे कोणी विचारलं तर मीही तोच सांगू लागलो. ती गेल्यावर तर मला तो खराच वाटायला लागला होता. तिच्यासाठी बांधलेलं दुसरं ताट मी सकाळी खायचो.

हे सगळं सोनालीला सांगितलं. ती म्हणाली, आई अशीच होती, आणि माझ्या गोळ्या देऊन गेली.

तू खोटं लिहिलंस त्याचा मला राग नाही. पण त्याने काय झालं ते सांगतो, कारण हे दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. तुझं नोव्हेंबरचं पत्र आल्यापासून मी असं धरून चाललो होतो की आठ मागितले असते तर मिळाले असते, आणि मी इतकी वर्षं ते मागितलेच नाहीत. ते दिवस वाईट गेले. मग तुझं खरं पत्र आलं आणि मला बरं वाटलं, की मागूनही मिळाले नसते. दोन दिवस बरं वाटलं. मग त्याचंही बरं वाटेना.

मी मागत नव्हतो असं नाही. सुरुवातीच्या काळात मी पाच सांगायचो. समोरचा माणूस गप्प बसायचा. ती शांतता मला सोसायची नाही. मीच म्हणायचो, 'पण बघा, तुम्हाला जमेल तसं.' त्याला बोलायची गरजच पडायची नाही. तीन हजार काही आमोदच्या वडिलांनी ठरवले नाहीत. ते नुसते पेपर वाचत होते. पाचाचे तीन मीच केले.

म्हणून माझा आकडा सोड. आमोदचाही सोड. तुझ्या घराला काय लागतं आणि तुझ्या खांद्याला किती झेपतं, ते बघून काय तो ठरव.

ऑपरेशनचे पैसे सलिलरावांनी दिले. मी घेतले.

अनंतकाका


कात्रज
१६ फेब्रुवारी २०२५

अनंतकाका,

नमस्कार. डोळा आता कसा आहे? माझं अक्षर नीट दिसावं म्हणून मोठं काढतेय.

तुमचं पत्र सुदर्शनलाही वाचायला दिलं. त्याने वाचून घडी घातली आणि परत माझ्या हातात दिलं, म्हणाला, पाच तर पाच मागायला हवे होते त्यांनी. मग म्हणाला, मीही एजन्सीवाल्याला काही बोललो नाही.

मी सात ठरवले. कसे ठरवले ते विचारू नका. रिक्षा धरली, खांदा धरला, रोज सकाळी मुक्या कीबोर्डवर बसते ते धरलं, आणि बाकीचे असेच धरले.

आमोदला शब्द दिला होता त्या जानेवारीच्या तारखा साडेतीनमध्येच पूर्ण केल्या. शेवटच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर त्याला सांगितलं, पुढच्या तारखांचे सात. तो म्हणाला, मॅडम, मधेच कसं वाढवता? मी म्हटलं, मधेच नाही, संपवून वाढवतेय. तो वाईट माणूस नाही, जिन्याखालपर्यंत माझा स्पीकर घेऊन आला. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला की दुसरी सोय झाली आहे. सोय म्हणजे एक जण पेन ड्राइव्हवरची गाणी लावतो आणि कीबोर्डवरून हात फिरवतो. आमोद म्हणतो पाहुण्यांना फरक कळत नाही. माझी खात्री आहे की कळत नसणार. लोक जेवायला आलेले असतात.

त्यानंतर दहा दिवस एकही फोन नाही. मग एका सकाळी सुदर्शन पाळीवरून आल्यावर, बूट काढता काढता म्हणाला, "साडेतीनमध्ये किराणा तरी येत होता." त्याचं चुकत नव्हतं. मी चहा ठेवला. त्या दिवशी मी आमोदचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. शिकवणीच्या मुलांची आणखी एक तुकडी घेतली, संध्याकाळी पाच ते सहा. त्यातल्या दोघांना अजून पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांतला फरक सांगावा लागतो.

मग खराडीहून सरोजिनीबाई म्हणून एकींचा फोन आला. कोणाच्या तरी पंचाहत्तरीत त्यांनी मला ऐकलं होतं. बहुधा ती कोंढव्याचीच, अर्ध्या पैशांची. त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, घरच्या घरी, पन्नासेक माणसं. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमचं किती होईल?"

मी म्हटलं, "सात हजार, येण्याजाण्यासकट."

पलीकडे शांत. काका, तुम्ही लिहिलं होतंत ते वाचणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. मला त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. जिभेवर आलं होतं, 'पण बघा.' आपोआप येतं ते. सुदर्शन झोपेतून उठून दारात उभा होता, त्याने ऐकलं होतं. त्याच्याकडे बघितलं असतं तर मी नक्की बोलले असते, म्हणून भिंतीकडे तोंड केलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. फार नसेल.

मग त्या बाई म्हणाल्या, "जेवण शाकाहारी आहे, चालेल ना?"

मी चालेल म्हटलं. फोन ठेवला आणि तिथेच खाली बसले. आनंद वगैरे काही झाला नाही, पाय दुखत होते.

कार्यक्रम झाला. आजोबांनी खुर्ची माझ्या अगदी शेजारी ओढून घेतली होती. एकच गाणं परत परत वाजवायला लावलं आणि दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मान हलवत होते. तबला कोण वाजवतोय, असं तिथे कोणी विचारलं नाही. निघताना पाकीट दिलं. मी रिक्षात मोजले. सात होते.

हे वाचून तुम्ही खूश व्हाल म्हणून पुढचंही लिहिते. त्यानंतर दोन चौकशा आल्या. दोघांनाही सात सांगितले आणि गप्प बसले. एक जण म्हणाले, कळवतो. दुसऱ्या बाई म्हणाल्या, एवढे? आणि फोन ठेवला. मार्चमध्ये आतापर्यंत एकच तारीख आहे. सलोनीच्या क्लासचे पैसे माझ्या भावाकडून उसने घेतले. एप्रिलमध्ये काय होईल माहीत नाही. कधी कधी वाटतं आमोदकडे परत जावं. अजून गेलेले नाही, एवढंच.

सुदर्शनने एजन्सीत दिवसपाळी मागितली आहे. बघू म्हणालेत.

भाग्यश्री


सांगली
२ मार्च २०२५

भाग्यश्री,

डोळा चांगला आहे. इतका चांगला की या खोलीच्या भिंतींना रंग हवा आहे हे आता दिसायला लागलं. सलिलरावांना मी बोललो नाही, नाहीतर उद्या रंगारी येऊन उभा राहील.

तुझं पत्र सोनालीला वाचून दाखवलं. पत्रं वाचून दाखवायची नाहीत असा माझा नियम होता, पण आता या घरात लपवायचं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही, आणि त्याचा एक आराम आहे. तू भिंतीकडे तोंड केलंस तिथे ती म्हणाली, परत वाचा. परत वाचलं.

भावाचे पैसे सावकाश फेड. आमोदकडे जावं लागलं तर जा, त्यात मला काही वाटणार नाही. तू सात म्हणून दाखवलेस, ते कोणी काढून घेत नाही.

दुपारी सलिलराव बँकेत गेले की मी कीबोर्ड लावतो. मालनबाई म्हणून स्वयंपाकाच्या बाई आहेत, त्या भाजी निवडत दाराशी बसतात. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी दुरुस्त करतोय. बोटं तेवढी जड झाली आहेत. पण रोज बसतो.

इथल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाचा वर्धापनदिन आहे. त्यांच्या चिटणिसांना सोनालीकडून कळलं की मी वाजवतो, तर गेल्या सोमवारी त्यांचा फोन आला. दीड तास वाजवायचं. त्यांनी मानधनाचं विचारलं. सोनालीने फोन माझ्या हातात दिला, आणि या वेळी स्पीकर लावला नाही.

मी पाच म्हटलं. बाहत्तराव्या वर्षी. आणि गप्प बसलो. तू लिहितेस ते खरं आहे, 'पण बघा' जिभेवर येतंच. सोनाली समोर उभी राहून हाताने काहीतरी खूण करत होती, कमी करा अशी असावी. नव्या डोळ्याने मला ती स्वच्छ दिसत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

चिटणीस म्हणाले, समितीत विचारून कळवतो. मी बरं म्हटलं.

त्यांचा फोन अजून आलेला नाही. सोनाली रोज विचारते, आपण करू का? मी नको म्हणतो. काल तिने विचारलं नाही. ताट वाढलं आणि माझ्यासमोर बसली, आणि आम्ही दोघं जेवलो.

अनंतकाका